पंप पाणी का देत नाही?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण मला तो एका मिस्त्रींनी मराठीत शिकवला.

जालना म्हणजे स्टील. इथल्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये (नाव लिहीत नाही) मी मे महिन्यात ट्रेनिंगला होते. टीएमटी सळई मिलमधून लालबुंद बाहेर येते आणि तिच्यावर जोराने पाणी मारतात. वरचा थर पटकन थंड होऊन कडक होतो, आत मऊपणा राहतो. पाण्याचा जोर कमी पडला की ताकद येत नाही, आणि एफई ५०० च्या सळईला ५०० न्यूटन प्रति चौ. मिमी यील्ड मिळालीच पाहिजे. शेवटी ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाणार!

तर आमचा सेंट्रिफ्यूगल पंप सकाळी व्यवस्थित चाले, दुपारी प्रेशर पडे. ऑफिसात ठरलं, इंपेलर झिजला, नवीन मागवा. मीही मान डोलावली.

मिस्त्रीमामा म्हणाले, "आधी व्हॉल्व्ह बंद करून बघू." डिस्चार्ज व्हॉल्व्ह काही सेकंदच बंद केला (जास्त वेळ नको, आतलं पाणी तापतं). गेजवर कर्व्हप्रमाणे पूर्ण प्रेशर आलं! इंपेलर झिजला असता किंवा मोटार उलटी फिरत असती तर ते आलं नसतं. उलटं फिरणं ही गंमतच आहे. मोटार रिवाइंड झाल्यावर दोन फेज बदलले तरी पंप पाणी देतो, फक्त कमी, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. असो.

ग्लँड आणि सक्शनच्या जॉइंटजवळ मामांनी उदबत्ती धरली. धूर आत ओढला गेला नाही, म्हणजे हवा घेत नव्हता. स्ट्रेनरही साफ होता. मग म्हणाले, "आवाज ऐक बाळा." आत खडी फिरतेय असा आवाज! ॲमीटरचा काटाही खाली आणि थरथरत होता. मामांनी व्हॉल्व्ह थोडा आवळला तर आवाज कमी झाला. हे कॅव्हिटेशन.

रात्री वहीत हिशोब मांडला. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच, म्हणून हवेचा दाब पाण्याच्या भाषेत साधारण ९.७ मीटर. हौदातलं पाणी पंपाच्या ४ मीटर खाली, पाइपचं घर्षण १ मीटर. पाणी ३० अंश असेल तर वाफेचे ०.४ वजा करून ४.३ मीटर उरतात. दुपारी पाणी ४५ अंशांवर जायचं, तेव्हा १ मीटर वजा, उरले ३.७. पंपाला हवे होते ४! यालाच एनपीएसएच म्हणतात, जे परीक्षेसाठी मी पाठ केलं होतं. सक्शनला दाब कमी पडला की पाणी तिथेच उकळून बुडबुडे होतात आणि इंपेलरमध्ये पुढे जाऊन फुटतात.

पाणी गरम का? कूलिंग टॉवरचे नोझल क्षाराने चोक झाले होते. आणि उन्हाळ्यात टँकरवर भागवायचं म्हणून हौद अर्धाच भरत. हिवाळ्यात पातळी एक मीटर वर असे, तेव्हा तक्रार नव्हती.

नोझल साफ केले, हौदाची पातळी वर ठेवली. खडीचा आवाज गेला, सळईचे टेस्ट पीस पास झाले. पुढच्या शटडाऊनला इंपेलर उघडला, तर पात्यांच्या तोंडाशी कुणी टोच्याने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, बाकी माप अगदी शाबूत.