जुनं कर्ज, नवी नोटीस

तासगावच्या आमच्या दाजींनी द्राक्षबागेसाठी एका पतसंस्थेकडून कर्ज काढलं, जामीनदार मी. अवकाळीनं बाग गेली, हप्ते थांबले आणि काही वर्षांनी साताऱ्यात माझ्या पत्त्यावर सहायक निबंधकांच्या कार्यालयाची नोटीस आली. दाजी निवांत. "तीन वर्सं कवाच उलटली, आता काय करत्यात?"

हे पारावरचं कायदाज्ञान. तीन वर्षांची मुदत खरी, पण ती बँकेच्या विनातारण कर्जाला, दिवाणी कोर्टात. गहाणाला 12 वर्षं. सहकारी संस्थेच्या सभासदाचं गणितच निराळं. सहकार कायद्याच्या कलम 92 प्रमाणे संस्थेच्या येणे रकमेच्या दाव्याची मुदत सभासद वारला किंवा त्याचं सभासदत्व संपलं, तिथून मोजतात. शिवाय कलम 101 चा वसुली दाखला निघाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायचं तर येणे रकमेच्या निम्मे पैसे आधी संस्थेत भरा. म्हणून भांडायचं ते दाखला निघण्याआधी, सुनावणीतच.

मी तारखेला गेलो, लेखी म्हणणं दिलं, सुरुवातीपासूनचा खातेउतारा मागितला. दाजींनी भरलेले दोन हप्ते त्यात जमाच नव्हते; पावत्या ताईनं साड्यांखाली जपून ठेवलेल्या निघाल्या. आकडा खाली आला, मग एकरकमी तडजोडीची बोलणी. "आधी कर्जदाराला धरा," असं जामीनदाराला म्हणता येत नाही, हेही तिथेच नीट कळलं.

कराडकडे दुसरा समज: बँक बुडाली, कर्ज बुडालं. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2020 मध्ये रद्द केला. पण परवाना गेला की अवसायक येतो आणि थकीत कर्ज वसूल करणं हे त्याचं मोठं काम.

मात्र प्रत्येक कागदाला घाबरू नये. लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. जावं, बोलावं, पटलं नाही तर सही करू नये. सही केलेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही. कोर्टाचं समन्स मात्र अंगावर काढायचं नाही. कैफियत 30 दिवसांत द्यायची असते. गैरहजर राहिलात तर मुदतबाह्य दाव्यातही एकतर्फी हुकूमनाम्याचा धोका.

माझ्या ऑफिसातल्या मित्राला जुन्या क्रेडिट कार्डासाठी वसुलीवाल्याचा फोन यायचा: "थोडे भरा आणि एवढं लिहून द्या." मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली की तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. मुदत संपल्यावर 'फेडीन' असं लिहून दिलं, तर करार कायद्याच्या कलम 25 खाली ते वचनही बांधतं.

कोर्टातून सुटलं म्हणजे सिबिलमधून सुटलं असं नाही. कमी रकमेत मिटवलं तर नोंद 'सेटल्ड' येते आणि पुढचा कर्ज देणारा ती बघून कपाळाला आठ्या घालतो. ऐपत असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्यावं. चारही क्रेडिट कंपन्या वर्षातून एकदा अहवाल फुकट देतात. चूक असेल तर लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेच्या कर्जाला जामीन असाल तर स्वतःचाही अहवाल बघा.

आणि शेतकऱ्यानं बेबाकी दाखला घेऊन थेट तलाठ्याकडे जावं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा अर्ज केल्याशिवाय सहसा उतरत नाही.