आधी तोंडातून फळ्यावर

काल रात्री फोन ठेवल्यावरही बराच वेळ मला झोप लागली नाही. “ताई, पोरं अख्खी बाराखडी न चुकता म्हणतात गं. पण फळ्यावर ‘बदक’ लिहिलं की ब... द... क... म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात,” असं तू म्हणालीस. मग हळूच म्हणालीस, “मलाच शिकवता येत नाही बहुतेक.” हे शेवटचं वाक्य आधी मनातून काढून टाक बघू. पहिली-दुसरीच्या वर्गात अठरा वर्षं काढून सांगतेय, तुझी मुलं जिथे अडलीत तिथे पुष्कळ मुलं अडतात, आणि तिथून पुढेही जातात.

ती का अडलीत, ते बघ. तक्ता त्यांना आरतीसारखा पाठ आहे. चाल सुटली की शब्द सुटतो. सहा वर्षांचं पोर शाळेत येतं तेव्हा ते घडाघडा बोलत असतं. भांडतं, रुसतं, आजीची नक्कल करतं, बैलाला हाका घालतं. आणि आपण पहिल्याच दिवशी त्याचं हे सगळं बोलणं दाराबाहेर चपलांजवळ ठेवायला लावतो. आत आल्यावर त्याच्या हाती देतो नुसती चिन्हं. त्या चिन्हांचं आपल्या बोलण्याशी काही नातं आहे, हे त्याला कळणार कुठून? म्हणून माझं सांगणं एकच. शब्द आधी मुलाच्या तोंडातून फळ्यावर जाऊ दे, मग तो फळ्यावरून तोंडात आपसूक येतो.

सुरुवात हजेरीपासून कर. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर प्रत्येकाच्या नावाची पट्टी लिही, ठळक आणि मोठी. सकाळी आल्यावर ज्याने त्याने आपली पट्टी शोधून भिंतीवरच्या दोरीला अडकवायची. आठ-दहा दिवसांत बहुतेकांना स्वतःचं नाव ओळखता येतं. मग शेजाऱ्याचं येतं. मग एक दिवस कुणीतरी ओरडतं, “बाई, समीरचा आणि सविताचा स सारखाच हाय!” त्या दिवशी तुझ्या वर्गात ‘स’ शिकून झाला असं समज. नावात काना, वेलांटी, मात्रा सगळंच असतं, त्यामुळे सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत काना-मात्रा अडवून ठेवावी लागत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी हेच जपलं. थोडी अक्षरं आणि त्यांच्या जोडीला स्वरचिन्हं शिकवायची, म्हणजे पोराला पहिल्यापासून अर्थाचे शब्द वाचायला मिळतात.

परिपाठ झाला की दहा मिनिटं गप्पांची ठेव. काल घरी काय झालं ते एकाने सांगायचं आणि तू लिहायचं. कुणी म्हणालं, “आमच्या शेरडीला दोन करडं झाली,” तर तेच लिही. शेरडीची शेळी करू नकोस. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हण. लिहून झालं की शब्दाखाली बोट फिरवत सगळ्यांकडून वाचून घे. ज्याचं वाक्य आहे, त्याला छडी देऊन वाचायला पुढे बोलाव. त्याला ते वाक्य पाठच असतं, म्हणून बिचकायला होत नाही. आता फक्त कुठला आवाज कुठल्या चिन्हात बसलाय एवढंच त्याला हुडकायचं असतं. मग ते वाक्य एका कागदावर उतरव, खाली त्याला करडांचं चित्र काढू दे. असे पंधरा कागद जमले की सुईदोऱ्याने शिव. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त हाताळून फाटतात ती हीच पुस्तकं.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचायची. मी थांबवायची, “पाणी म्हण.” ती म्हणायची, “पानी.” मी तिला सगळ्यांसमोर सात-आठ वेळा म्हणायला लावलं. तिचे ओठ थरथरले आणि ती गप्प झाली. ती पुढचे किती तरी दिवस वाचायला उभीच राहिली नाही. रात्री पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं की तिने अक्षर ओळखलं होतं, शब्द वाचला होता, अर्थही तिला ठाऊक होता. ती वाचत होती गं, आणि मीच तिला चूक ठरवलं होतं. तिच्या घरात सगळे ‘पानी’च म्हणत होते. मी तिला नाही, तिच्या आईला खोडत होते. तेव्हापासून उच्चाराला मी पहिल्या वर्षी हात लावत नाही. मी ‘पाणी’ म्हणत राहते, त्यांच्या कानावर पडत राहतं, दुसरी-तिसरीपर्यंत बहुतेकांचं आपोआप बसतं.

मूल वाचतंय की नुसतं उच्चारतंय, हे ओळखायची माझी एक खूण आहे. आपल्या ‘च’चे दोन उच्चार आहेत, ‘चार’मधला वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा. लिपीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात. मागच्या वर्षी एक पोरगा ‘चारा’ हा शब्द ‘चार’च्या ‘च’ने वाचत गेला, थबकला, भुवया वर केल्या आणि म्हणाला, “चारा! गुरांचा!” मी काहीच सांगितलं नव्हतं. अर्थाने त्याचा आवाज सुधारला. म्हणून मूल थबकलं की लगेच शब्द पुरवू नकोस. मनात पाचपर्यंत मोज. त्या पाच अंकांत फार मोठं काम चाललेलं असतं.

भ आणि म, घ आणि ध यांसारख्या जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नकोस. एक पक्कं झाल्यावर दुसरं घे. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि तिचा आवाज येतो अक्षराच्या मागून, तिथे मुलं गोंधळणारच. आकड्यांचंही तसंच आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून पोर ५२ लिहितं. रागावू नकोस, त्याने ऐकलं तसंच लिहिलंय. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात दे. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडल्या की त्याचं तोच खोडून २५ करेल.

आणि एक गोष्ट कितीही कागद भरायचे असले तरी चुकवू नकोस. खिचडी खाऊन झाली की रोज दहा मिनिटं पुस्तक वाचून दाखव. पोरांना अर्धगोलात बसव, चित्र त्यांच्याकडे धर. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ शाळेच्या पेटीत आहे का बघ, नसेल तर माझं घेऊन जा. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाच. तात्पर्य विचारू नकोस. पान उलटायच्या आधी थांब आणि विचार, “आता काय होईल गं?” दोन वर्ग एका खोलीत आहेत म्हणून तू हळहळत होतीस ना? दुसरीच्या एकाला पहिलीच्या एकाशेजारी बसव आणि दोघांत एकच पुस्तक दे. लहान ऐकत वाचायला लागतो आणि मोठ्याचं वाचन सरावाने सुटं होतं.

तपासणीचं दडपणही मला कळतं. निपुण भारत अभियान २०२१ च्या जुलैत सुरू झालं, त्यात दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. अपेक्षा वाजवी आहे. फक्त त्यातला ‘समजून’ हा शब्द विसरू नकोस, आणि शिकवताना घड्याळ लावू नकोस.

अनुताई वाघांचं तुला आठवतं ना? कोसबाडची मुलं गुरं राखायला जायची, तर त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. आपल्याला तेवढं चालावं लागत नाही. आपल्याला फक्त मुलाच्या बोलण्यापर्यंत जायचंय. तुझ्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातील. त्यांच्या पिशवीत ते शिवलेलं पुस्तक घाल, त्यांचं स्वतःचं वाक्य असलेलं. फडावर तेवढी शाळा तरी त्यांच्याजवळ राहील.

त्या मुलीचं सांगायचं राहिलंच. पुढे महिन्याभराने मी वर्गातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ती माठाजवळ उभी राहिली, चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, “पानी.” मी म्हटलं, “हो बाळा, पी की.” ती घोटभर प्यायली आणि धावत जाऊन पुढची चिठ्ठी वाचायला लागली.

उद्या सकाळी ते ‘बदक’ पुसून टाक. पहिलं जे पोर बोलेल त्याचं वाक्य फळ्यावर लिही. आणि रात्री मला फोन करून ते वाक्य सांग. मी जागी असेन.