पासवर्ड सांभाळण्याचंही करिअर असतं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या सेतू केंद्रात शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना आधार क्रमांक टाकला, की मोबाईलवर ओटीपी येतो. मधल्या काही सेकंदांत एका सर्व्हरला आधारच्या यंत्रणेपुढे स्वतःचीच ओळख पटवावी लागते. त्यासाठी संस्थेचा कोड आणि लायसन्स की लागते. चाचणीची वेगळी, प्रत्यक्ष कामाची वेगळी. या किल्ल्या योग्य जागी बसवणं, मुदतीआधी बदलणं, हे कुणाचं तरी रोजचं काम असतं. ‘बारावीनंतर काय?’ म्हणून काळजीत असलेल्या पालकांपर्यंत त्याचं नावही पोचत नाही.

मोठ्या कंपनीत एकच सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि प्रॉडक्शन अशा तीन ठिकाणी चालतं. कोड तोच, लॉगिन मात्र वेगळे. टेस्टिंगचा पासवर्ड चुकून प्रॉडक्शनवर गेला, तर साधारणपणे ४०१ एरर येतो: ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, परवानगी नाही. हा फरक ओळखणाऱ्याला कुठली फाईल उघडायची ते लगेच कळतं. हलगर्जीपणा किती महागात पडतो? २०१६ मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या साइटवरच्या कोडमधली क्लाउडची की चोरांच्या हाती लागली आणि उबरच्या ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

म्हणून इथे मार्कांइतकाच काटेकोर स्वभाव महत्त्वाचा. वही नीट ठेवणारी, दिलेलं काम दोनदा तपासणारी मुलगी या कामात फार पुढे जाऊ शकते.

डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, कुठूनही येता येतं; इंजिनिअरिंग करायचं तर चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आयटीआयचा एक वर्षाचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेडही सुरुवातीला चालेल. लिनक्स, गिट, एचटीटीपी आणि थोडं पायथन शिका. मग घरच्या लॅपटॉपवर छोटी वेब सर्व्हिस लिहा आणि तिचा पासवर्ड कोडमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. पासवर्ड एकदा गिटमध्ये गेला असेल, तर फाईल पुसून भागत नाही. जुन्या नोंदीत तो राहतोच. तो बदलावाच लागतो. मुलाखतीत हे स्वतः केलेलं सांगता आलं, की समोरचा कान देऊन ऐकतो.

पालकांनो, पहिली नोकरी बहुधा सपोर्ट किंवा टेस्टिंगची असेल, रात्रपाळीही येईल. प्रॉडक्शनच्या किल्ल्या विश्वास बसल्यावरच हाती येतात. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल आहेत. पहिल्याच दिवशी पुणं गाठायला हवं असं नाही. आणि ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लाससाठी धानाचे पैसे मोडू नका. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला.