मज्जातंतूंचा वेग का मंदावतो?

विजेच्या तारेवर वेष्टन असते, तसेच आपल्या अनेक मज्जातंतूंवर मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे असते. त्यात मधूनमधून खंड असतात. संदेश या खंडांवरून जणू उड्या मारीत वेगाने जातो.

हा वेग मोजता येतो. कोपराजवळ व मनगटाजवळ तंतूला आळीपाळीने विजेचा सूक्ष्म धक्का देतात आणि हाताचा स्नायू केव्हा हलतो ते पाहतात. समजा, दोन जागांमधील अंतर २५ सेंटिमीटर व वेळेतील फरक ५ मिलिसेकंद आहे. तर वेग सेकंदाला ५० मीटर झाला. निरोगी हातात तो साधारण एवढा असतो. फरक १० मिलिसेकंद आला, तर वेग निम्म्यावर येईल. मग वेष्टन बिघडल्याची शंका येते.

ते कोण बिघडवते? कधी कधी आपलेच रक्त! काही वृद्धांत एकाच पेशीची संतती वाढून एकाच साच्याचे 'आयजीएम' प्रतिपिंड तयार करते. ते मायलिनमधील 'मॅग' या प्रथिनाला चिकटले, की वेष्टनाचे थर सुटू लागतात. पाय बधिरतात, अंधारात तोल जातो. रक्तद्रवातील प्रथिने विद्युत्क्षेत्रात वेगळी केली, की हे प्रतिपिंड बहुधा अरुंद पट्ट्याच्या रूपाने उघडकीस येते.

बधिरपणाची मधुमेहासारखी इतरही कारणे आहेत. म्हणून आजोबांचे पाय बधिर झाले, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.