प्रकाशमापक आणि वाचणारा डोळा

छायाचित्रण शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला प्रकाशमापक, म्हणजेच लाइट मीटर, कसा धरावा हे लवकर समजते. तो कसा वाचावा याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. वास्तविक प्रकाशाचे मोजमाप दोन टप्प्यांत पुरे होते. पहिला टप्पा यंत्राचा, दुसरा डोळ्याचा. यंत्राने अचूक मोजले आणि डोळ्याने चुकीचे वाचले, तर चित्र बिघडायचे ते बिघडतेच. स्लाइडच्या फिल्मवर तर अर्ध्या स्टॉपची चूकही नजरेत भरते. म्हणून मीटरच्या दर्शनी भागाचा येथे थोडा विचार करू.

विजेवर चालणारे मीटर येण्यापूर्वी एक साधे साधन वापरीत. नळीतून पाहिले की क्रमाक्रमाने अंधूक होत जाणारे आकडे दिसत. त्यांतील जो शेवटचा आकडा जेमतेम वाचता येई तो प्रमाण मानावयाचा. येथे मोजणारा डोळाच होता, आणि डोळा तर परिस्थितीप्रमाणे बदलतो. उन्हातून नुकताच आत आलेला माणूस आणि तासभर खोलीत बसलेला माणूस यांना एकच आकडा दिसत नसे. १९३२ साली अमेरिकेतील वेस्टन कंपनीने सेलेनियमचा ६१७ क्रमांकाचा मीटर काढला. अशा मीटरांमुळे मोजण्याचे काम यंत्राकडे गेले आणि डोळ्याकडे काटा वाचण्याचे तेवढे उरले.

काट्याचा मोठा गुण असा, की तो प्रमाण दाखवितो. सावलीकडून उजेडाकडे मीटर वळविला की काटा किती सरकला हे एका दृष्टिक्षेपात कळते. पण त्याचे दोषही आहेत. काटा आणि मोजपट्टी यांत थोडे अंतर असते, त्यामुळे तिरप्या नजरेने पाहिल्यास तो शेजारच्या खुणेवर असल्याचा भास होतो. शिवाय मंद प्रकाशात काटा पट्टीच्या तळाशी रेंगाळतो आणि वाचणे कठीण होते. यावर उपाय म्हणून अनेक मीटरांत प्रखर व मंद प्रकाशासाठी दोन वेगळ्या मर्यादा ठेवल्या. त्यातून नवाच धोका निर्माण झाला. सेकॉनिकच्या एल-३९८ या मीटरमध्ये उन्हासाठी जाळीची पट्टी आत सरकवतात. ती बत्तिसावा हिस्साच प्रकाश आत सोडते, आणि मग तबकडीवर 'एच' या खुणेसमोर वाचावयाचे असते. घाईत दुसऱ्या खुणेसमोर वाचले, की पाच स्टॉपची चूक होऊन फिल्मवर बत्तीस पट जादा प्रकाश पडतो.

गॉसेनच्या लुनासिक्स एफमध्ये निराळी युक्ती आहे. तबकडी फिरवून काटा शून्यावर आणावयाचा. काटा मध्यावर आहे की नाही एवढेच डोळ्याने ठरवावयाचे असल्यामुळे बारीक खुणा मोजाव्या लागत नाहीत.

पुढे आकडे दाखविणारे मीटर आले. पेंटॅक्सच्या डिजिटल स्पॉटमीटरमध्ये लाल, स्वयंप्रकाशी आकडे नेत्रिकेतून दिसतात. ते आत असल्यामुळे बाहेरचे ऊन त्यांच्यावर पडत नाही, आणि अंधारातही ते वाचता येतात. एलसीडीचे वागणे याच्या उलट असते. ती स्वतः प्रकाश देत नाही. भर उन्हात ती ठळक दिसते, पण काळोखात मागून दिवा नसेल तर तिचा उपयोग नाही. ध्रुवीकरण करणारा गॉगल घालून विशिष्ट कोनातून पाहिल्यास ती काळीठिक्कर दिसते. २०१२ साली आलेल्या सेकॉनिक एल-४७८ला तर स्पर्शाने चालणारे पटल आहे. तरीही पटल नवे असो वा जुने, 'कोणत्या उजेडात वाचणार?' हा प्रश्न जुनाच राहतो.

आकडे दिसले म्हणजे अर्थ कळलाच असेही नाही. काही मीटर ५.६ आणि त्यापुढे लहान ५ दाखवितात. हे ५.६५ नव्हे! ५.६च्या पुढे अर्धा स्टॉप, म्हणजे सुमारे ६.७, असा त्याचा अर्थ. ५.६५ समजून कॅमेरा ५.६वर लावणारा अर्धा स्टॉप जादा प्रकाश देतो. काटा दोन खुणांच्या मधोमध असता तर ही चूक झालीच नसती.

यात डोळ्याचेही काही नियम आहेत. अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यानंतरही मंद प्रकाशात दृष्टीची बारकाई कमीच असते, म्हणून बारीक आकडे दिसत नाहीत. चाळिशीनंतर जवळचे अंधूक होते ते वेगळेच. स्नेहसंमेलनात नाटकाची छायाचित्रे काढणाऱ्याला या साऱ्या अडचणी एकदम भेटतात.

तेव्हा मीटर घेताना केवळ त्याची संवेदनक्षमता पाहू नये. तो आधी उन्हात, मग अंधाऱ्या खोलीत धरून वाचून पाहावा. मोजल्यावर काटा वा आकडा जागीच थांबतो का, हे पाहावे. थांबत असेल तर मीटर उजेडात नेऊन निवांत वाचता येतो. कोणती मर्यादा चालू आहे हे दर वेळी तपासावे आणि नजर काट्यावर सरळ ठेवावी. ज्या उजेडात आपल्याला काम करावयाचे, त्याच उजेडात जो वाचता येतो, तोच आपल्यापुरता चांगला मीटर.