रिपोर्ट नॉर्मल आले, तरी क्लास थांबवा

पालकहो, हल्ली तुमच्यापैकी बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, डॉक्टर म्हणतात काही नाही, पण पोरगी क्लासवरून आली की गळून जाते. पाठवू की नको?" कुणी जिन्यात गाठून विचारतं, कुणी रात्री उशिरा मेसेज टाकतं. प्रत्येकाला एकेकटं उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांशीच बोलते.

नका पाठवू. आजाराचं नाव कळलं तरच क्लास बंद करायचा, असा नियम कुठेही नाही. मुलाला त्रास होतोय, एवढं कारण पुरेसं आहे. मी कराटे शिकवते, क्लास भरलेला राहावा असं मलाही वाटतं, आणि तरी हे सांगते.

पनवेलचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. भाद्रपदात पाऊस जरा उघडला की हॉलमध्ये नुसता दमटपणा भरतो, पंखे फिरत असतात पण गी, म्हणजे कराटेचा पोशाख, अंगाला चिकटते. अशाच एका संध्याकाळी आठवीतली एक मुलगी दुसरा काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) संपवून भिंतीला तळहात टेकून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. बेल्टची गाठ सुटली होती, ती बांधायला तिची बोटं वळेनात. मी तिला खाली बसवलं, पाय वर करून ठेवले, पाणी दिलं. दहा मिनिटांत ती हसायला लागली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग सुरू झाल्या तपासण्या: सीबीसी, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, ईसीजी, गुडघ्याचा एक्स-रे. सगळं नॉर्मल. तिच्या आईच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला हवी होती, पण ती जास्तच घाबरली होती. आणि घरातलं कुणीतरी म्हणालं, "नाटकं करते. अभ्यास नको, क्लास नको."

या वाक्याने मुलांचं जेवढं नुकसान होतं तेवढं कुठल्याही आजाराने होत नसेल. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की ज्या गोष्टी तपासल्या त्यांत दोष सापडला नाही. जे तपासलंच नाही त्याबद्दल तो कागद काही सांगत नाही, आणि मूल खोटं बोलतंय असं तर मुळीच सांगत नाही. एक साधं उदाहरण घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या वर असलं की मुलीला ॲनिमिया नाही असं धरतात. पण शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधीच आटू लागलेला असू शकतो, आणि तो कळतो फेरिटिनच्या तपासणीतून. ती दर वेळी सांगितली जातेच असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत भारतातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना ॲनिमिया आढळला. आपल्या क्लासमधल्या मुली याच देशातल्या आहेत. पाळी सुरू झालेली, सकाळी डबा तसाच परत आणणारी, संध्याकाळी तासभर घाम गाळणारी मुलगी दमली, तर तिच्यावर संशय घेण्याआधी डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा.

तसंच तापाचं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर घरटी कुणाला तरी डेंग्यू, नाहीतर चिकुनगुनिया झालेला असतो. ताप चार दिवसांत उतरतो, चिकुनगुनियात सांधे मात्र महिनोन् महिने धरलेले राहू शकतात. बॅडमिंटनपटू एच. एस. प्रणॉय 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर चिकुनगुनियाने आजारी पडला. तो खेळला, पण नंतर शरीर साथ देईना म्हणून त्याने जाहीरपणे काही काळ खेळ थांबवला. सगळ्या सोयी हाताशी असलेल्या खेळाडूलाही थांबावं लागतं, मग आपल्या करंजाडे-कामोठ्याच्या मुलांनी तापातून उठल्यावर आठवड्याभरात कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, करावी असा हट्ट कशाला?

क्लासच्या भिंतीवर ब्रूस लीचं पोस्टर आहे. मुलं त्याच्यासारखी किक मारायला बघतात. त्याच्या आयुष्यातल्या दोन घटना मुलांपेक्षा तुम्हाला सांगाव्यात असं मला वाटतं. 1970 मध्ये नीट वॉर्मअप न करता खांद्यावर वजन घेऊन पुढे वाकण्याचा व्यायाम करताना त्याच्या पाठीला जबर इजा झाली. पूर्वीसारखी किक आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कित्येक महिने तो जवळजवळ अंथरुणावर होता. त्या काळात त्याने वाचलं आणि युद्धकलेवर वह्याच्या वह्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर 1975 मध्ये 'ताओ ऑफ जीत कुन दो' हे पुस्तक निघालं, त्यात या टिपणांचा मोठा वाटा आहे. आणि तो परत उभा राहिला. ज्या चित्रपटांमुळे आपण त्याला ओळखतो ते मोठे चित्रपट या विश्रांतीनंतरचे आहेत.

दुसरी घटना 10 मे 1973 ची. हाँगकाँगच्या स्टुडिओत 'एंटर द ड्रॅगन'चं डबिंग चालू असताना तो कोसळला. मेंदूला सूज आली होती. त्यातून तो वाचला, अमेरिकेत जाऊन तपासण्या करून घेतल्या, पण ठोस कारण हाती लागलं नाही. तो कामावर परतला. 20 जुलैला पुन्हा मेंदूला सूज आली आणि तो गेला, वयाच्या 32 व्या वर्षी. ती सूज नेमकी कशामुळे, यावर आजही वाद आहेत. तो थांबला असता तर वाचला असता, असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच म्हणता येणार नाही. पण जगातल्या सगळ्यात तंदुरुस्त समजल्या जाणाऱ्या माणसाच्या तपासणीतही उत्तर सापडलं नव्हतं, हे लक्षात असू द्या.

आता थोडं काळजीचं. व्यायाम संपवून रांगेत उभं असताना मुलाला चक्कर आली, तर बहुतेक वेळा रक्तदाब उतरलेला असतो. तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच. पण व्यायाम चालू असताना, पळता पळता किंवा पंच मारता मारता मूल बेशुद्ध पडलं, छातीत दुखलं, धडधड थांबेना, किंवा घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं असेल, तर पुढचा क्लास विसरा. आधी हृदयरोगतज्ज्ञ, ईसीजी आणि टू-डी इको. इथे "बघू पुढच्या आठवड्यात" चालत नाही. इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला ईसीजीसह वैद्यकीय तपासणी कायद्याने करावीच लागते. आपल्याकडे प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ असते, 'काही आजार आहे का', आणि आपण 'नाही' लिहून सही करतो. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, हटत नसलेला खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करा, लाजू नका. खर्चाची धास्ती असेल तर पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

डॉक्टरांकडे जाताना "हिला अशक्तपणा आहे" एवढंच सांगू नका. एक वही करा. कोणत्या दिवशी, किती वाजता, आधी काय खाल्लं होतं, झोप किती झाली, त्रास व्यायाम करताना झाला की नंतर, पाळीचे दिवस कुठले. झटका येत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल ठणठणीत दिसतं, मग डॉक्टर तरी काय बघणार?

एक गोष्ट जरा जड आहे, पण बोलायलाच हवी. दुखणं फक्त क्लासच्या दिवशीच येत असेल, सुट्टीत पोट दुखत नसेल, तर लगेच नाटक म्हणू नका. शांतपणे, एकट्यात, मारझोडीची भीती न घालता विचारा. मोठी मुलं त्रास देतात का? कुमितेची धास्ती आहे का? शिकवणारं कुणी नको तिथे हात लावतं का? युद्धकलेत अंगाला हात लागतोच, म्हणून मुलांना चांगला आणि वाईट स्पर्श वेगळा सांगता येत नाही, ती गोंधळतात. हा प्रश्न माझ्या क्लासबद्दलही विचारा, मला राग येणार नाही. तसं काही निघालं तर 2012 चा पॉक्सो कायदा मुलाच्या बाजूने उभा आहे, आणि गप्प बसून मिटवायची ती गोष्ट नाही. आणि यातलं काहीच नसेल, दुखणं मनातल्या ताणातून शरीरात उतरलं असेल, तरी ते दुखतंच. त्यावरही उपाय करणारे डॉक्टर आहेत.

थांबायचं ठरलं की मला किंवा तुमचे जे कुणी सर असतील त्यांना स्पष्ट सांगा. "पाहुणे आलेत", "परीक्षा आहे" अशी कारणं देऊ नका. मूल ते ऐकत असतं आणि आपलं दुखणं लपवण्यासारखं आहे असं शिकतं. ब्राऊन बेल्टची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, जिल्हा स्पर्धेची फी भरली आहे, दहावीच्या क्रीडा गुणांचा हिशेब आहे, हे सगळं मला कळतं. कळंबोलीहून रिक्षाने, नाहीतर स्कूटरवर मागे बसवून तुम्ही वर्षानुवर्षं ने-आण केली आहे. फी जाऊ द्या. परीक्षा पुन्हा येते. वजनी गटासाठी आदल्या दिवशी पाणी तोडायला सांगणारं कुणी असेल तर तिथे ठाम नकार द्या. वाढत्या वयात असलं काही करायचं नसतं.

मुलाला आवडत असेल तर त्याला हॉलमध्ये बसायला पाठवा. जपानी परंपरेत बघून शिकण्याला मितोरी गेइको म्हणतात आणि तो सरावाचाच भाग धरतात; दुखापत झालेला विद्यार्थी कडेला बसून डोळ्यांनी काता करतो. ती आठवीतली मुलगी काही दिवस अशी बसली. दुसऱ्या मुलाची मावाशी गेरी (गोल फिरवून मारायची किक) करताना उभ्या पायाची टाच फिरत नाही, हे तिने माझ्या आधी पाहिलं. पण काही मुलांना बसून बघणं सहन होत नाही, डोळे भरून येतात. त्यांना घरीच राहू द्या आणि क्लासचा ग्रुप काही दिवस तुमच्या फोनवर म्यूट ठेवा. पदकांचे फोटो जेवताना दाखवू नका.

परत यायची वेळ डॉक्टर सांगतील. आधी चालणं, मग घरच्या घरी किहोन, म्हणजे मूलभूत हालचालींचा सराव, मग माझ्यासमोर एक काता, आणि कुमिते सगळ्यांत शेवटी. मधल्या कुठल्याही पायरीवर जुनी तक्रार उठली तर एक पायरी खाली, कुणालाही न रागावता. आणि मूल परत आलंच नाही, वडाळे तलावाभोवती नुसतं फिरावंसं वाटलं, चित्रकलेत रमलं, तर मला फक्त एकदा कळवा. रजिस्टरमधलं नाव मी तसंच ठेवते, वर्षभराने येणारी मुलंही मी पाहिली आहेत.