गोचीड : अंगावरचा आणि भिंतीतला
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातील गोचिडाचा दृष्टान्त आला. गाईच्या कासेला गोचीड चिकटलेला असतो. गोड दूध त्याच्यापासून कातडीच्या पदराइतकेच दूर. पण ते सोडून तो रक्तच पितो. सरांनी दृष्टान्ताचे मर्म फार सुंदर उलगडून दाखविले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचा गोठा उभा राहिला. त्याच पहाटे आई कंदिलाच्या उजेडात गाईच्या कासेवरचे गोचीड वेचत बसली होती आणि तिची बोटे रक्ताने माखलेली मी पाहून आले होते.

आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. माझी फी, पुस्तके, एस. टी.चा पास हे सारे एका संकरित गाईच्या दुधावर चालते. त्यामुळे गोचीड हा माझ्यापुरता तरी केवळ अलंकाराचा विषय नाही. प्राध्यापकांनी आणि मित्रमैत्रिणींनी हा लेख त्या दृष्टीने वाचावा, ही विनंती.

त्या श्रावणात गोचीड अतोनात वाढले. कानांत, शेपटीखाली, कासेवर जागा म्हणून उरली नाही. वेचून आई थकली. शेवटी वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कपाशीवर फवारण्याचे उरलेले औषध पाण्यात कालवून गाईला चोळले. कीड मारणारे औषध कोणतीही कीड मारील, असा त्यांचा सरळ हिशेब. तासाभरातच गाईच्या तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांतून धारा लागल्या, पाय थरथरू लागले. मी सायकलवरून पशुवैद्यकीय दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी येताच गाय साबणाच्या पाण्याने धुवून काढायला लावली आणि ॲट्रोपिनची इंजेक्शने दिली. गाय वाचली, पण दूध निम्म्यावर आले आणि माझी परीक्षा फी उसनवारी करून भरावी लागली.

जाताना डॉक्टर म्हणाले, “काका, पिकाचं औषध जनावराला विष असतं. आणि एक सांगतो, गाईच्या अंगावरचे गोचीड तुम्ही माराल हो, पण गोठ्यातले कोण मारणार?”

त्या प्रश्नाने मला अभ्यासाला लावले. डॉक्टरांना पुन्हा पुन्हा भेटून आणि त्यांनी दिलेले पुस्तक वाचून जे समजले ते थोडक्यात सांगते.

गोचीड हा कीटक नव्हे. पूर्ण वाढ झालेल्या गोचिडाला आठ पाय असतात. तो कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातला. आपल्याकडे गुरांवर सर्रास आढळणाऱ्या एका जातीची पिले सहा पायांची, मोहरीहूनही बारीक असतात. ती गुरावर चढली की तिथेच रक्त पिऊन, कात टाकून सुमारे तीन आठवड्यांत मोठी होतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी मग खाली गळून पडते, भिंतीच्या फटीत, दगडाखाली किंवा गवतात शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिले अन्नावाचून कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिनेही, गुराची वाट पाहत राहतात. दुसऱ्या काही जातींचे गोचीड तर मधल्या अवस्थेतही गुरावरून उतरतात आणि गोठ्याच्या भिंतीत दडून कात टाकतात. म्हणजे अंगावर दिसतो तो शत्रूचा एक भाग. राखीव फौज भिंतीत असते.

नुकसान केवळ रक्ताचे नसते. लघवी लाल करणारा बबेसिओसिस आणि ताप येऊन गाठी सुजविणारा थायलेरिओसिस हे दोन्ही रोग गोचिडांमुळेच पसरतात. थायलेरिओसिसला देशी गुरांपेक्षा संकरित गुरे अधिक बळी पडतात. गोचीड नखाने चिरडण्याची आपली सवयही घातक आहे. माणसाला होणारा क्रायमिअन-काँगो रक्तस्रावी ताप गोचिडांतून पसरतो. २०११ साली तो गुजरातमध्ये आढळला होता.

गोचीड रोग पसरवतो हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध केले. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले ते १८९७ साली, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. पुढे १९०६ पासून अमेरिकेने या गोचिडांविरुद्ध मोहीम उघडली. गुरांना ठराविक दिवसांनी पुन्हा पुन्हा औषधी पाण्याच्या हौदातून काढणे आणि काही काळ कुरणे मोकळी ठेवणे, हे तिचे सूत्र होते. १९४३ पर्यंत बहुतेक मुलूख गोचीडमुक्त झाला. एका दिवसाचा मारा नव्हे, तर चिकाटीने तोडलेले जीवनचक्र, हे त्या यशाचे कारण.

आम्हीही तोच धडा गिरविला. जनावरांसाठीचे डेल्टामेथ्रिन डॉक्टरांच्या सल्ल्याने आणले आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे लिटरला दोन मिलिलिटर मोजून घेतले. गाईला आधी पोटभर पाणी पाजले, म्हणजे ती अंग चाटत नाही. ऊन उतरल्यावर, डोळे, तोंड व जखमा वगळून, औषध लावले. गव्हाण झाकून भिंतीच्या फटींतही फवारले. पंधरा दिवसांनी हेच पुन्हा केले. फवारणीचे भांडे ओढ्यात धुतले नाही, कारण हे औषध माशांना फार विषारी असते. औषधानंतर दूध किती दिवस वापरू नये, हेही डॉक्टरांना विचारून घेतले.

मग फटी बुजविण्याची वेळ आली, तेव्हा मला मनातून शरम वाटली. दर दिवाळीनंतर आई गोठ्याच्या भिंती मातीने लिंपून चुना मारी आणि म्हणे, “भिंत बुजली की गोचीड कमी.” मी तिला हसत असे. पुस्तकात मला जे सापडले ते तिला पुस्तकावाचून ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हती ती फक्त बाटलीवरची बारीक अक्षरे. आणि तेवढ्यापायी गाय दगावणार होती.

गोचीड समूळ गेले, असे मी म्हणणार नाही. शेजारच्या गोठ्यातून आणि चराईच्या रानातून ते पुन्हा येतातच. म्हणून यंदा आमच्या आळीतील चार घरांनी एकाच दिवशी औषध लावायचे ठरविले आहे. त्या दिवशी चारही घरच्या बाटल्यांवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले आहे. “कला शाखेला जाऊन पोरीचा काय उपयोग?” असे विचारणारे एक काका त्या चौघांत आहेत. त्यांची बाटली मी सर्वांत आधी वाचणार आहे.